पहिलं ‘नको’

आमच्या वरच्या मजल्यावर राहते ती ओजस्विनी. मूळची वाईची, इथे आयटी पार्कात टीम लीड, आणि ‘नको’ म्हणण्यात एक नंबर. चहा घेतेस? नको काकू. थालीपीठ लावलंय, ये. नको नको, आत्ताच खाल्लं. कसलं खाल्लं! तिच्या तोंडाकडे बघितलं की कळतं, सकाळपासून कॉफीवर आहे. मी सांगलीची. मी तीनदा विचारते आणि चौथ्यांदा सरळ ताटात वाढून मोकळी होते. आपल्यात रीतच आहे तशी. पहिलं ‘नको’ कुणी खरं धरतं का?

पण सगळे काही सांगलीचे नसतात.

या फेब्रुवारीत तिचं बाळ पाचव्या महिन्यात पोटातच गेलं. नवरा, अंबरीश, कामासाठी हैदराबादला होता. आमच्याच गाडीतून आम्ही तिला दवाखान्यात नेलं. मागच्या सीटवरून ती मला म्हणत होती, “काकू, तुमचा रविवार वाया गेला.” आता काय म्हणायचं अशा पोरीला? मी तिच्यावर ओरडलेच.

त्याच आठवड्यात बाईसाहेब लॅपटॉप उघडून बसल्या. तिच्या बॉसचा, गुरलीन मॅडमचा, माझ्यासमोर फोन आला. बाई चांगली आहे, खोटं कशाला बोलू. म्हणाली, दीड महिन्याची सुट्टी तुझ्या हक्काची आहे, घेऊन टाक. ही म्हणाली, “नहीं मॅम, आय अ‍ॅम फाइन.” “पक्का?” “पक्का.” झालं! विषय संपला. अंबरीशने विचारलं, तुझ्या आईंना बोलावून घेऊ का? नको. मी त्याला जिन्यात गाठून झापलं, तर म्हणतो, “काकू, तिलाच नकोय, मी काय करू?” धन्य आहे.

तिला रडताना मी बघितलं नाही. कामाला जायची, यायची, सगळ्यांशी नीट बोलायची. टीममधल्या निमिषने काही मोठी चूक करून ठेवली तेव्हा फोनवर त्याला किती समजावत होती, “होतं रे असं, घरी जा, झोप काढ.” आणि स्वतःबद्दल? डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की यात तुझा काही दोष नाही. तरी एके दिवशी भाजी निवडता निवडता म्हणाली, “मीच जागरणं केली ना काकू. मीच केलं असणार काहीतरी.” आवाज असा कोरडा, की दुसऱ्याच कुणाची हकिकत सांगतेय.

मी म्हटलं, “रडून घे गं एकदा.”

“येत नाही. काहीच येत नाही. भूकसुद्धा लागत नाही.”

मोबाइलवर तिने मन शांत करायचं काहीतरी घेतलं होतं. मोबाइल सांगायचा, डोळे मिटा, श्वास घ्या. ही घ्यायची, आणि डोळे उघडले की त्याच मोबाइलवर मेल बघायची. मार्चमध्ये एकदा चक्कर येऊन जिन्यातच बसली. तेव्हा मात्र मला भीती वाटली. ही अशीच चालत राहिली तर एक दिवस उठायचीच नाही, असं मनात आलं.

पुढच्या रविवारी मी अधूनमधून जाते त्या गुरुद्वाऱ्यात तिला ओढतच नेलं. दर्शन झालं, लंगरात पंगतीला बसलो. सेवेकरी पोळ्यांची टोपली घेऊन आला. “परशादा जी?” आपण दोन्ही हात पुढे करायचे, तो पोळी हातावर ठेवतो. हिने काय करावं? सवयीने ताटावर आडवा हात धरला. “बस जी, बस.” अगं, ताट रिकामं आहे तुझं! पण तिथे अन्न टाकायचं नसतं, म्हणून बस म्हटलं की बस. तो पुढे गेला. मागून डाळ आली. “बस जी.” तीही गेली.

ती माझ्याकडे बघायला लागली. “काकू, तो गेला पुढे.”

मला असा राग आला म्हणता! “मग? तूच नको म्हणालीस ना? हवंय का तुला?”

तिने रिकाम्या ताटाकडे बघितलं. मग मान हलवली. हो.

“मग माग. मी मागणार नाही.”

म्हटलं खरं, पण मीही माझी पोळी मोडली नाही. सगळी पंगत जेवतेय आणि ही कोरडं ताट घेऊन बसलीय. टोपली परत आली. हिने हाक मारली, ती मलाच कशीबशी ऐकू आली. तो जवळून निघून चालला. तेव्हा तिने दोन्ही हात पुढे केले आणि मोठ्यांदा म्हणाली, “वीरजी, परशादा! मला हवाय.” शेवटचं मराठीतच. त्याने थांबून दोन पोळ्या हातावर ठेवल्या. डाळ यायच्या आधीच तिने एक नुसतीच खाल्ली.

बाहेर, चपला घेतो तिथे, भिंतीला टेकून तिने गुरलीन मॅडमना फोन लावला. “मॅम, मी ठीक नाही आहे. ती सुट्टी मला हवी आहे.” पलीकडून काय आलं ते तिने नंतर सांगितलं. “अगं, मला वाटलं तुला नकोच आहे.” सुट्टी मिळाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आपणहून खाली जेवायला आली. भाकरी आणि मेथीची भाजी केली होती. “अजून अर्धी?” मी विचारलं, आणि पुढचे दोन आग्रह ओठावर तयारच होते.

“हो,” ती म्हणाली. “वाढा.”

मी भाकरी हातात धरून तशीच उभी राहिले. तिने ताटाकडे बघत सांगितलं, “पाच महिने होतं हो काकू ते माझ्याजवळ.” आणि घास तसाच धरून ती रडायला लागली.

रडू नको, असं अगदी तोंडात आलं होतं माझ्या. म्हटलं नाही. अर्धी भाकरी वाढली आणि शेजारी बसले.