गुरुजींच्या दोन फ्लॉपी

त्या काळात कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला दोनच गोष्टी याव्या लागत: स्क्रू ड्रायव्हर फिरवणं आणि गंभीर चेहरा करून ‘व्हायरस आहे’ म्हणणं. दुसरी मला जास्त चांगली जमायची. नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी कराडच्या एका दुकानात कामाला होतो आणि गावोगावी वडीलधारी माणसंसुद्धा मला साहेब म्हणायची. त्याची सवय फार लवकर लागली.

एकदा कवठे महांकाळला एका निवृत्त गुरुजींकडे मोडेम बसवायला गेलो. त्यांचा हात कापायचा, त्यामुळे पेन सुटलेलं. मुलानं दिलेल्या जुन्या कॉम्प्युटरवर ते एका बोटानं टाइप करत. जतच्या बाजूला म्हाताऱ्या मेंढपाळांजवळ बसून त्यांनी मेंढ्यांविषयीचे शब्द गोळा केले होते. तोकड्या कानाच्या मेंढीला एक शब्द, कळपामागं रेंगाळणारीला दुसरा. निम्मे कानडी वळणाचे. ऐकलेलं त्याच दिवशी घरी येऊन टाइप करायचं, असा त्यांचा शिरस्ता. कागदावर काहीच नव्हतं. हे सगळं पुण्याच्या एका अभ्यासकाला ई-मेलनं पाठवायचं, तेवढ्यासाठीच तर मोडेम हवा होता.

मी मोडेमचं कार्ड बसवलं, ते चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची, म्हणजे ड्रायव्हरची सीडी घातली. काम निम्म्यावर आलं आणि मशीन थिजलं. माऊसचा बाण हलेना, कुठलंही बटण दाबा, ढिम्म. बंद करून चालू केलं, पुन्हा तिथंच अडकलं. तिसऱ्यांदाही तेच. कार्ड काढलं की मात्र सगळं सुरळीत.

गुरुजी शेजारी बसून बघत होते. म्हणाले, “साहेब, कार्ड काढलं की चालतंय. मग कार्डाचंच काय तरी बिनसलं नसंल का?”

मला रागच आला. “गुरुजी, हे शाळेतलं गणित नाही. व्हायरस आहे हा. बाहेरची फ्लॉपी घातली होती का?”

घातली होती. मराठी फॉन्ट त्यांनी कुणा ओळखीच्याकडून फ्लॉपीवर आणला होता. चोर सापडल्यासारखा मी खूश झालो आणि सगळं फॉरमॅट करावं, म्हणजे पुसून काढावं लागेल असं सांगून टाकलं.

“आन माझं शब्द?”

त्यांनी कपाटातून फडक्यात गुंडाळलेल्या दोन फ्लॉपी काढल्या. त्यात सगळ्याची कॉपी होती. मी नकारार्थी मान हलवली. याच मशीनमध्ये घातलेल्या, म्हणजे त्याही बाधलेल्या. “दुसरा काई इलाज न्हाई?” त्यांनी एकदाच विचारलं. मी नाही म्हणालो. आधी फ्लॉपी पुसल्या, मग हार्ड डिस्क. व्हायरस तपासायची फ्लॉपी माझ्या बॅगेत होती. ती मी बाहेर काढलीच नाही, कारण तिनं ‘काही सापडलं नाही’ म्हटलं असतं तर मी खोटा पडलो असतो.

विंडोज नव्यानं टाकलं, कार्ड बसवलं, ड्रायव्हर घातला. निम्म्यावर मशीन थिजलं.

गुरुजी चहाचं सांगायला आत गेले होते. मी कार्ड काढून पहिल्यांदाच नीट बघितलं. त्यावर जंपरची एक इवलीशी टोपी असते; मोडेमनं कुठली लाइन वापरायची ते तिच्यावर ठरतं. ती मी माऊसच्याच लाइनवर ठेवली होती. दोघं एका लाइनवर आले की मशीन अडकणार, हे शिकणाऱ्याला पहिल्या आठवड्यात सांगतात. टोपी एक घर सरकवली आणि दहा मिनिटांत मोडेम सुरू झाला.

गुरुजी चहा घेऊन आले. “गेला व्हायरस?”

“गेला,” मी म्हणालो.

त्यांनी रिकाम्या स्क्रीनकडं बघितलं. “पुन्यांदा जतला जावं लागंल. पर ज्यानं लय शब्द दिलं, तो म्हातारा गेला की वैशाखात. चूक माझीच. कुणाचीबी फ्लॉपी घालाय नको हुती.”

तेव्हा तरी तोंड उघडायला हवं होतं. पण मला त्यांच्या शब्दांपेक्षा माझं साहेबपण मोठं वाटलं. मी कप खाली ठेवला, त्यांच्या कापऱ्या हातावर हात ठेवला आणि म्हणालो, “असू द्या गुरुजी, होतं असं माणसाकडून.”

त्यांनी माझे आभार मानले.