चुन्याखालचे कदंब

हलशीच्या नरसिंहाच्या देवळाला जत्रेआधी चुना लावायचा मान रवळूच्या घरचा. त्याची बायको जयाबाई लग्न होऊन आली, तेव्हापासून बारा वर्षं कुंचा तिच्याच हातात होता. देऊळ कदंब राजांच्या काळचं. पण ते पांढरंफेक दिसलं नाही की गाव विचारी, "काय गं जये, औंदा देवाला आंघोळ न्हाय व्हय?" उरलेला चुना देवळामागच्या पुरुषभर उंच शिळेला जायचा.

१९२६ साली रस्त्याखालच्या मोरीच्या कामासाठी ठेकेदार मारुतीरावानं तीच शिळा हेरली. त्याच आठवड्यात जुन्या इमारतींची यादी करणारा सरकारी साहेब आला. त्याचं मराठी कडक इस्त्रीचं. "या शिलेवर अक्षर आहे काय? असेल तर सरकार रक्षण करील. नसेल तर नाही." आठ दिवसांनी परततो म्हणून तो कणकुंबीकडं गेला.

"हाईत की अक्षरं," सासू मालुबाई चुलीपाशी म्हणाली. "नवी नवरी हुतो तवा बोटं फिरवलीती. मग चुन्यावर चुना."

"त्यातला बारा वरसांचा माझाच, आत्त्या."

रवळू विळा घेऊन निघाला. जयाबाईनं तो काढून घेतला.

"खरवडलासा तर अक्षरंबी जातील. तांब्याची घागर कशानं घासत्यात, ठावं हाय?"

"मी कवा घासली?"

"म्हणून तर इळा घिऊन निघालासा."

तिनं आमसुलं भिजत घातली, त्या आंबट पाण्यात पोतं बुडवून शिळेला गुंडाळलं. चुना मऊ पडला की नारळाच्या सोडणानं घासायचं, पुन्हा पोतं. बाया हसल्या, "वरीसभराचं सार धोंड्याला पाजतीस व्हय?" आठवड्यात तिच्या बोटांची सालं निघाली आणि वरच्या अडीच ओळी दिसल्या.

आठव्या दिवशी सकाळीच मारुतीराव बैलगाडी आणि पहारी घेऊन हजर.

"बाजूला व्हा बाई. सरकारी काम हाय."

"तुमचंबी सरकार, त्या सायबाचंबी सरकार. दोघं आदी एकमेकांशी बोला की!" ती शिळेला पाठ लावून बसली. बैल रवंथ करीत राहिले, मारुतीराव तंबाखू मळीत राहिला. ती उठली नाही.

दुपारी साहेब आला. अक्षरांवरून बोट फिरवत पुटपुटला, थांबला. "कदंब. स्पष्ट आहे. उचलायची नाही."

मारुतीरावानं गाडी वळवली. साहेब पुढं म्हणाला, "आणि यापुढे चुना नाही. शिलेला नाही, देवळालाही नाही."

"आगं बया, चार पिढ्यांचा मान!" मालुबाई ओरडली. सगळं गाव जयाबाईच्या तोंडाकडं बघू लागलं. तिनं सोललेली बोटं पदराला पुसली.

"जाऊ दे आत्त्या. शिळा ऱ्हायली." मग साहेबाकडं वळून म्हणाली, "खालच्या ओळी अजून झाकल्यात, सायेब. सरकार आमसुलं देतंय काय?"

साहेब हसला. तिनं पोतं पुन्हा भिजवलं.