बाईंच्या वाटणीचा घोट

पाटणकर बाईंनी आयुष्यात दारूचा थेंब तोंडात घेतला नाही. त्यांच्या वाटणीची मी प्यायले. तीन वर्षांत सात वेळा ठाकुर्लीहून नाशिकला गाडीने जाऊन, सकाळी साडेअकराला उंच स्टुलावर बसून मी वाईन चाखली आणि शेजारी मांडीवर पर्स घेऊन ताठ बसलेल्या बाईंना ती कशी लागते ते शुद्ध मराठीत सांगितलं. मला वाईन आवडत नाही. शिवाय मला ॲसिडिटी आहे. या दोन्ही गोष्टी मी त्यांना पहिल्याच वेळी सांगितल्या होत्या. त्यावर त्या म्हणाल्या, "आवडत नाही हे उत्तमच. ज्याला आवडतं तो निःपक्षपाती राहत नाही."

बाईंनी कल्याणच्या शाळेत मला आठवी ते दहावी मराठी शिकवलं. पुढे लग्न झालं, बँकेत नोकरी लागली, मुलगी कॉलेजात गेली आणि आम्ही ठाकुर्लीला फ्लॅट घेतला. घेताना पाणी किती वेळ येतं, लिफ्ट चालते का, पार्किंग मिळेल का, सगळं विचारलं. वरच्या मजल्यावर कोण राहतं तेवढं विचारायचं राहिलं. सामान उतरवत होतो त्याच दिवशी जिन्यातून आवाज आला, "वृंदा ना गं तू? पाठीत पोक काढून चालायची सवय अजून गेली नाही वाटतं." तेव्हापासून मी पुन्हा नववीत बसले ती बसलेच.

बाईंचा एकुलता एक मुलगा चारू. नवरा लवकर गेला, चारूला बाईंनीच वाढवलं. सूक्ष्मजीवशास्त्रात तो एम. एस्सी. झाला आणि नाशिकजवळच्या एका वायनरीत वाईन करायला लागला. दुसऱ्या एखाद्या आईने चार दिवस आदळआपट केली असती आणि मग गप्प बसली असती. पण बाईंचे वडील दारूपायी गेले होते. त्यानंतर त्यांच्या आईने अकरा वर्षांच्या बाईंचा हात देवापुढे धरून, हातावर पाणी सोडून शब्द घेतला होता की जन्मात या वस्तूला शिवणार नाही. "आई गेली म्हणून शब्द संपत नाही," असं त्या म्हणायच्या.

तरीही त्या चारूवर ओरडल्या नाहीत. त्यांनी त्याहून वाईट केलं. एका नात्यातल्या मुंजीत कोणीतरी विचारलं, मुलगा काय करतो, तर बाई म्हणाल्या, "फळप्रक्रिया उद्योगात आहे." चारू मागेच उभा होता. घरी आल्यावर चप्पलही न काढता दारातच म्हणाला, "आई, तुला लाज वाटते तर तसं सांग. पण खोटं नको सांगूस." त्यानंतर तो गणपतीला यायचा, दिवाळीला यायचा, वाकून नमस्कार करायचा. जेवलास का, जेवलो. गोळ्या घेतेस का, घेते. आई आणि मुलगा यांच्यात एवढंच बोलणं उरलं होतं. हे सगळं बाईंनी मला एकदाच सांगितलं, तेही कोथिंबीर निवडताना मान खाली घालून. मला फार वाईट वाटलं. मी म्हटलं, "बाई, एक फोन करा ना त्याला. चांगलं काम करतोस म्हणा."

"न तपासता मार्क द्यायचे?" बाई म्हणाल्या. "पहिलीपासून त्याच्या प्रत्येक वहीवर मी शेरा लिहिलाय. कधी उगीच 'उत्तम' लिहिलं नाही. त्याला ते ठाऊक आहे. आता काम कसं आहे हे माहीत नसताना चांगलं म्हटलं, तर ते दुसरं खोटं होईल."

म्हणजे चाखल्याशिवाय शेरा नाही आणि शब्दामुळे चाखता येत नाही. यातून बाईंनी काढलेली वाट म्हणजे मी.

माझा नवरा नितीन व्यवहारी माणूस. तो म्हणाला, "बाई, हीच बाटली इकडे डोंबिवलीत मिळते. मी परवाच तिथल्या वाईनच्या दुकानाकडे गेलेलो. घेऊन येतो ना, कशाला घाट चढायचा?" बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो चहाचा कप घेऊन गॅलरीत गेला. "वर्ग पाहिल्याशिवाय शिक्षकाची परीक्षा होत नाही," त्या म्हणाल्या. वर अट अशी की चारूला कळता कामा नये. त्याची सुट्टी मंगळवारी, म्हणून आम्ही जायचं मंगळवारी. माझ्या किरकोळ रजा त्यात गेल्या. गाडी चालवायची म्हणून नितीन पिणार नाही, बाई पिणार नाहीत, उरले मी. तिथल्या नोंदवहीतही माझं नाव लिहायचं, कारण पाटणकर आडनाव वाचून कोणी चारूला सांगितलं तर?

चाखायच्या खोलीत बाई काय काय करत ते आठवलं की आजही मला घाम फुटतो. काळा एप्रन घातलेली एक गोड मुलगी पाच ग्लासांत बोटभर बोटभर वाईन ओतायची आणि इंग्रजी-मराठी मिसळून माहिती सांगायची. पहिल्याच वेळी ती म्हणाली, "मॅम, याच्यात तुम्हाला ब्लॅकबेरीचा फ्लेवर येईल."

"तू ब्लॅकबेरी खाल्ली आहेस का?" बाईंनी विचारलं.

"नाही मॅम, ॲक्चुअली..."

"मग तुला कसं कळलं?"

ती मुलगी बिचारी माझ्याकडे बघायला लागली. मग बाई माझ्याकडे वळल्या. "तू सांग. आपण खाल्लेल्या गोष्टींतलं सांग."

मी म्हटलं, "छान आहे."

"छान हा अभिप्राय नाही वृंदा, ती पळवाट आहे."

मग मी पुन्हा घोट घ्यायचा. करवंद? पिकलेलं की कच्चं? पिकलेलं. नुसतं करवंद की त्याच्या चिकासकट? चिकासकट. शेवटी जीभ कशी होते? जांभूळ खाल्ल्यावर होते तशी. "हां, आता सांगितलंस," असं म्हणून बाई समाधानाने मान डोलवायच्या. बाकीचे लोक घोट घेऊन शेजारच्या भांड्यात थुंकायचे. मी एकदा तसं करून पाहिलं, तर बाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "अन्न थुंकायचं नाही. माझ्या मुलाने केलंय ते." ती एप्रनवाली मुलगी तेव्हा नेमकी आत गेली होती म्हणून बरं. परतीच्या वाटेवर मी मागच्या सीटवर गोळी घेऊन पडलेली असायचे आणि बाई पुढे नितीनला सांगायच्या, "मागच्यापेक्षा सुधारणा आहे. पण शेवट अजून कडवट होतो म्हणते वृंदा."

मी एकदा चिडून विचारलं, "मग चारूला सांगा ना हे!"

"अजून खात्री नाही," बाई म्हणाल्या. मी हात टेकले.

आठव्या वेळी आमची फजिती झाली. त्या दिवशी कार्तिकी एकादशी होती आणि मंगळवार होता. बाईंचा उपास, त्यांच्या धाकाने माझाही. साबुदाण्याच्या खिचडीचा डबा मांडीवर होता. कसाऱ्याचा घाट चढताना माझ्या मनात शंका आली. मी म्हटलं, "बाई, उपासाला वाईन चालते का?"

इगतपुरी आलं तेव्हा बाईंनी निकाल दिला. "द्राक्ष हे फळ आहे. धान्य नाही, मीठ नाही. चालायला हरकत नसावी."

नितीन एवढा हसला की त्याला गाडी बाजूला घ्यावी लागली. पण खरी अक्कल आमच्यापैकी कोणालाच सुचली नाही. वायनरीच्या दाराशी पोचलो तर आत स्टुलं उलटी करून टेबलांवर ठेवलेली. "अरे देवा," नितीन कपाळावर हात मारून म्हणाला, "आज एकादशी, ड्राय डे!" कॅलेंडर तोंडपाठ असलेल्या बाई, बँकेत काम करणारी मी आणि डोंबिवलीतलं वाईनचं दुकान ठाऊक असलेला नितीन, अशी तीन शहाणी माणसं उपासाची खिचडी घेऊन ड्राय डेच्या दिवशी वाईन चाखायला आली होती.

आणि आत खोक्यांवर लेबलं तपासत चारू उभा होता. गिऱ्हाईक नसताना साठलेलं काम उरकावं म्हणून त्या आठवड्यात त्याने सुट्टी बदलून घेतली होती.

"आई?" तो घाबरून पुढे आला. "काय झालं? बरं नाही का तुला?"

"मी ठीक आहे," बाई म्हणाल्या, आणि उगीच पर्स उघडून आत बघायला लागल्या. उभ्या आयुष्यात मी त्यांना असं पाहिलं नव्हतं.

माझ्या पोटात उपास होता, डोक्यात तीन वर्षांचा वैताग होता. मी म्हटलं, "चारू, ही आमची आठवी खेप आहे. तुझी वाईन कशी होते ते मी पिऊन सांगायचं आणि यांनी मनातल्या मनात तपासायचं. तुला कधी सांगितलं नाही, कारण यांची अजून खात्री नाही! आता मला झेपत नाही. तुम्ही आई आणि मुलगा आहात. तुमचं तुम्ही बघा."

नितीनने एक स्टूल खाली उतरवलं आणि बाईंना बसवलं. मला वाटलं, आता बाई मलाच फैलावर घेणार. पण त्या चारूला म्हणाल्या, "यंदाची लाल कशी झाली आहे?"

"बरी आहे."

"मोघम नको. नीट सांग."

चारूने हातातलं लेबल खोक्यावर ठेवलं. "कडक झालीय आई. द्राक्षं अजून दहा दिवस वेलीवर राहायला हवी होती. अवकाळी पावसाची भीती वाटली आणि मी तोडायला सांगितली. पाऊस आलाच नाही. चूक माझीच आहे."

"हे तू मालकांना सांगितलंस?"

"त्याच दिवशी."

बाईंनी मांडीवरची पर्स शेजारच्या खोक्यावर ठेवली. मग म्हणाल्या, "मग तुझं काम चांगलं आहे. मुंजीत मी खोटं बोलले ते माझं चुकलं. लाज तुझी नव्हती रे. मला माझ्या वडिलांची वाटत होती, आणि ती मी तुझ्यावर काढली." चारू खाली वाकला. मला आधी वाटलं, नमस्कार करतोय. पण त्याने आईच्या मांडीवर डोकं ठेवलं होतं. नितीन आणि मी बाहेर गाडीत जाऊन खिचडी खाल्ली. मला मेलीला रडू येत होतं आणि आधीच्या खेपा वाया गेल्याचा रागही येत होता. हेच जर पहिल्या मंगळवारी विचारलं असतं तर माझ्या पोटाचे हाल वाचले असते.

त्यानंतर चारू दर पंधरा दिवसांनी ठाकुर्लीला यायला लागला. मायलेक गॅलरीत बसून माती, कीड, पिंपं असलं काय काय बोलत बसायचे. मला वर बोलावणं यायचं ते फक्त डाळ वाटून द्यायला.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत, ऐन तोडणीच्या दिवसांत, बाईंच्या हृदयाने दगा दिला. दवाखान्यात त्या चार दिवस होत्या आणि चौथ्या दिवशी गेल्या. त्याच्या आदल्या दुपारी मी आणि चारू दोघेही जवळ होतो. शेजारच्या खाटेवरच्या आजींनी सहज विचारलं, "मुलगा काय करतो हो तुमचा?"

बाईंना धाप लागत होती. तरी उशीवरून मान उचलून त्या म्हणाल्या, "वाईन करतो. नाशिकला. मागच्या वर्षीची लाल जरा कडक झाली होती. यंदा थांबलाय तो. यंदाची चांगली होणार."

"अगं बाई!" आजी म्हणाल्या. "मग तुम्हीपण घेता की काय?"

"छे हो," बाई म्हणाल्या. "मला कशाला घ्यायला हवी? तो सांगतो ना."