उसने कॅमेरे

समिती येणार हे कळलं तेव्हा आमच्याकडे चालू स्थितीत दोनच कॅमेरे होते, आणि कागदावर आठ. सांगलीजवळ माधवनगर रस्त्यावरच्या एका कॉलेजात मी चित्रपट आणि छायाचित्रणाच्या पदवीला शिकवत होतो. घर साताऱ्यात. सोमवारी पहाटेच्या एसटीनं यायचं, शनिवारी परत. पूर्णवेळ शिक्षक मी एकटाच. अभ्यासक्रम पुढं चालू ठेवायचा की नाही, हे विद्यापीठाची समिती येऊन ठरवणार होती.

"सहा कॅमेऱ्यांची सोय बघा," प्राचार्य म्हणाले. "एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

मी नाही म्हणालो नाही. लग्नाचे फोटो काढणारा माझा एक मित्र होता. समिती येण्याच्या दिवशी सकाळी त्यानं स्वतःचे आणि ओळखीच्यांचे मिळून सहा कॅमेरे दिले. त्यांच्यावर कॉलेजच्या नावाचे स्टिकर मीच चिकटवले. वर्गात सांगितलं, "कुणी विचारलं तर आपलेच म्हणायचं."

"मग उद्यापासून वापरायला मिळतील का सर?" तिसऱ्या वर्षातल्या एका मुलीनं विचारलं. मी हजेरी घ्यायला लागलो.

ही मुलगी कवठे महांकाळकडची. घरची मेंढरं, वडील वर्षातले कितीतरी महिने कळप घेऊन बाहेर. मोबाइलवर ती जे फोटो काढायची तसे वर्गात कुणाचेच नसत.

समितीत तिघं होते. अध्यक्ष वर्गातच प्राचार्यांसोबत फायली चाळत बसले. एक बाई मात्र उठून कॅमेरे मांडलेल्या टेबलाजवळ गेल्या. त्या स्वतः सिनेमात कॅमेरा चालवायच्या. त्यांनी एक कॅमेरा उचलला आणि त्या मुलीच्या हातात दिला. "खिडकीपाशी उभी राहते. माझा एक फोटो काढ."

तिनं काढला, पण त्याआधी बटण शोधण्यात वेळ गेला. बाईंनी फोटो बघितला आणि सहज मागचा फोटो लावला. मी त्यांच्या पाठीशी उभा होतो. पडद्यावर हळदीनं माखलेली नवरी आली. त्यामागं कलवऱ्या, मग बँडवाले. मित्र कार्ड रिकामं करायला विसरला होता आणि मीही तपासलं नव्हतं.

"हे काय आहे?" बाईंनी विचारलं.

मुलीनं एकदा माझ्याकडं बघितलं. "असाइनमेंट होती मॅडम. लग्नाचं छायाचित्रण. मी काढलेत."

"कुठलं लग्न?"

"शिरवळचं. नात्यातलं."

बाईंनी तिचं नाव विचारून टेबलावरचं हजेरीपत्रक ओढलं. "फोटोवर तारीख कालची आहे. काल तर दिवसभर तुझी हजेरी इथं लागलीय."

मुलीची मान खाली गेली. प्राचार्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मॅडम, जेवण तयार आहे. आधी जेवून घेऊ." त्या हाताचा दाब मला चांगलाच कळत होता.

"ती खोटं बोलतेय," मी म्हणालो. "मला वाचवायला. कॅमेरे उसने आहेत. मी आणलेत, आणि आपलेच म्हणा असं मुलांना मीच सांगितलंय."

खांद्यावरचा हात निघाला. अध्यक्षांनी फाइल मिटली.

"मग ही मुलं शिकतात कशावर?" बाईंनी विचारलं.

"दोन कॅमेरे. आणि ज्याचा त्याचा मोबाइल."

"ते काम दाखवा."

प्रोजेक्टर लावला. मुलं एकेक करून आली, पण ती मुलगी वर्गात नव्हती. मी बाहेर गेलो, तर ती जिन्यात बसली होती.

"तुमी मला सगळ्यांपुढं खोटी पाडली," ती म्हणाली. एरवी माझ्याशी जपून, पुस्तकी बोलणारी मुलगी. आता घरच्या बोलीत बोलत होती. "तुमीच सांगितलं व्हतं तसं बोलायला. मग मधीच खरं कशाला आठवलं?"

"तू अडकली होतीस."

"मी अडकले असते तर मी बघितलं असतं. आता कोर्स बंद पडला तर बाबाला काय सांगू? तीन वर्सं घरी लय भांडून आलेय मी."

ती आपणच उठली, आत गेली आणि मोबाइल जोडला. हमरस्ता ओलांडणारा कळप आणि खिडकीतून वाकून बघणारा ट्रकवाला, या एका फोटोवर बाई थांबल्या. कुठं उभी राहून काढलास, किती वेळ थांबली होतीस, असं विचारत राहिल्या. तिनं तुटक उत्तरं दिली.

दीड महिन्यानं अहवाल आला. साहित्य आणि आणखी दोन शिक्षक येईपर्यंत नवीन प्रवेश बंद. शिकत असलेल्यांना मात्र पदवी पूर्ण करता येईल. प्राचार्यांनी माझा करार शेवटची तुकडी बाहेर पडेपर्यंतच ठेवला. ते अपेक्षितच होतं. ती मुलगी पास झाली. प्रकल्पावर माझी सही घ्यायला आली तेव्हाही कागद पुढं केला, उचलला आणि गेली.

आता मी साताऱ्यातच छोटा वर्ग चालवतो. मागच्या वर्षी एका कामाला सांगलीला गेलो होतो, तेव्हा स्टँडवर ती दिसली. खांद्याला कॅमेऱ्याची बॅग होती. कुठल्याशा माहितीपटाच्या कामावर निघाली होती. मी चाचरतच हाक मारली.

"राग गेला न्हाई सर अजून," ती म्हणाली. मग बॅग मांडीवर घेऊन माझ्या शेजारी बसली. कमी उजेडात तिचे फोटो खरखरीत येत होते, ते का, हे तिला विचारायचं होतं. माझी गाडी लागेपर्यंत आम्ही तेवढंच बोलत होतो.