निर्गुडीला आवतन

आमच्या आरोग्य केंद्रात गोळ्या संपतात, किस्से संपत नाहीत. त्यातले निम्मे तर इमारतीमागं आपोआप उगवलेल्या निर्गुडीच्या झुडपाचेच! लोह्याजवळचं गाव. डॉक्टरसाहेब पुण्याकडचे, शिपाई किसनमामा इथलेच, आणि मी सिस्टर. पाला द्यायचं खातं मामांकडं. तव्यावर गरम करायचा आणि दुखऱ्या सांध्यावर बांधायचा. माझ्या गुडघ्यालाही तोच असतो, साहेबांना न सांगता.

एकदा एक आजी आल्या. साहेबांनी गोळ्या दिल्या. आजी हलेनात.

"आणखी काय, आजी?"

"पाला."

"अहो, गोळी दिली की!"

"गोळी पोटात जाती, पाला गुडघ्यावर ऱ्हातो. त्यायची गाठच पडत न्हाई, तर भांडतील कशाला?"

साहेबांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

पुढं नांदेडहून तपासणीला अधिकारी आले. बाहेरची लांबलचक रांग बघून खूश! "ओपीडी जोरात आहे हो!" रांग इमारतीला वळसा घालून मागं निर्गुडीकडं चालली होती. निघताना अधिकाऱ्यांनी मामांना बाजूला घेतलं. गाडीत बसले तेव्हा मांडीवर फाईल आणि फाईलखाली कॅरीबॅग.

"आईची टाच दुखून राहिली," ते साहेबांकडं न बघता म्हणाले.

मामांचा एक रिवाज पक्का. आदल्या संध्याकाळी झुडपाला आवतन द्यायचं. मुळाशी हळदकुंकू, चार अक्षता, आणि ज्याला पाला हवा त्यानंच म्हणायचं, "बाई, उद्या येतो, पाला दे." उदगीरच्या एका शेटजींना दोनदा यायला जमेना. मामांनी मोबाईल स्पीकरवर टाकून फांदीजवळ धरला.

"हॅलो, निर्गुडीबाई! उद्या येतो हां, दुकान उघडायच्या आत!"

"मामा, असं चालतं का?" मी विचारलं.

"रेंज हाय की," मामा म्हणाले.

मग अॅम्ब्युलन्सच्या शेडचं निघालं. जागा नेमकी निर्गुडीची! ओढा रुंद केला तेव्हा गावातली बाकीची झुडपं गेली होती, ही एकच उरलेली. आणि मामींच्या बोटांचे सांधे धरलेले. सकाळी पाल्यानं शेकल्याशिवाय त्यांना भाकरी थापता येत नाही. मामा साहेबांना एकदाच म्हणाले, "बाजूला बी जागा हाय, सायेब."

"नकाशा मंजूर झालाय, मामा. सोमवारी जेसीबी येतोय."

मामांनी त्या आठवड्यात चहासुद्धा घेतला नाही. मला लई वाईट वाटलं.

रविवारी बादली उचलताना साहेबांची कंबर धरली. गोळी झाली, मलम झालं. संध्याकाळी वाकून चालत मामांकडं आले. "मामा, झाड जायच्या आधी... थोडा पाला?"

"आवतन द्या."

साहेबांनी हळदकुंकू वाहिलं. "बाई" म्हणाले, पुढचंही सगळं म्हणाले.

"आता उद्या आठला तोडा," मामांनी सांगितलं. "अन् तोडल्यापासून कमरेला बांधीस्तोवर तोंडातून शब्द न्हाई. मानबी हलवायची न्हाई. न्हाईतर गुण जातो."

सोमवारी आठला साहेबांच्या हातात पाला, आणि समोर जेसीबी.

"साहेब, पाडू का?" ड्रायव्हरनं विचारलं.

साहेब गप्प.

"साहेब?"

साहेबांनी पाल्याकडं पाहिलं, ड्रायव्हरकडं पाहिलं आणि वाकूनच क्वार्टरकडं चालू लागले.

"आता काय समजायचं?" ड्रायव्हर मामांकडं वळला.

"न्हाई म्हनले न्हाईत. हाव बी म्हनले न्हाईत."

साहेबांच्या हुकमाशिवाय झाडाला हात कोण लावणार? ड्रायव्हर तासभर थांबला. मग नायगावला दुसरं काम होतं, तिकडं गेला. दुपारी साहेब बऱ्यापैकी सरळ चालत आले आणि शेड बाजूला सरकवायचं पत्र लिहायला बसले.

मी मागं गेले. मामा मामींसाठी पाला खुडत होते.

"मामा, इतकी वर्षं मी पाला नेते. गप्प राहायचं मला कधी बोलला नाहीत!"

मामांनी वर पाहिलं नाही.

"तुमचा गुडघा हाय, सिस्टर. सायबाची कंबर हाय."