सागाची फळी आणि लाल झेंडी

माझ्या नवऱ्याने मला कधी मारलं नाही. आमच्याकडे हे वाक्य बायका कौतुकाने सांगतात, जणू न मारणं हे नवऱ्याने केलेले उपकारच. मीही सांगत आले. आणि तरी आमच्या माळ्यावर कापडात गुंडाळलेली एक सागाची फळी असायची. ती माझ्यासाठी केलेली होती आणि मीच ती मागून घेतली होती. या दोन्ही गोष्टी एका घरात कशा नांदल्या, ते सांगायचं आहे.

माझं माहेर मुरबाड तालुक्यातलं, टोकावड्याच्या आत. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर लग्न होऊन आले ती शहापूर तालुक्यात, आटगाव आणि कसाऱ्याच्या मधल्या एका गावात. हे रेल्वेत गँगमन होते. घाटाखालचे रूळ तपासायचे, बोल्ट आवळायचे, पावसाळ्यात दरडीवर नजर ठेवायची. मी आटगावला एका कंपनीत पॅकिंगला जात होते. सासूबाई थोरल्या दिरांकडे राहायच्या, त्यामुळे दोन खोल्यांत आम्ही दोघंच. मूलबाळ झालं नाही. त्याचं जे रडायचं ते रडून झालं आहे, इथे पुन्हा काढत नाही.

पाऊस सरला की आमच्याकडे अंगणं चोपायची. पावसाने माती वाहून गेलेली असते, आणि पुढे भात झोडायला सपाट खळं लागतं. मग लाल माती टाकायची, पाणी शिंपडायचं आणि लाकडी चोपण्याने ठोकून ठोकून जमीन घट्ट करायची. वर शेणाचा सडा. दसऱ्याच्या आसपास अख्ख्या पाड्यात दिवसभर थपाथप चालू असते. लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी असंच अंगण करताना मी वाकून माती पसरत होते आणि यांनी गंमत म्हणून चोपण्याची हलकीशी एक मला मागून दिली. खरं तर माझ्या तोंडून शिवी यायची. माझा स्वभाव तसाच आहे, कुणाचं ऐकून घेत नाही असं सासरी सगळे म्हणतात. पण तोंडून निघालं, ‘परत.’

दोघेही खुळ्यासारखे उभे राहिलो. यांचे कान लालेलाल झाले. मग ते खाली मान घालून अंगण असं चोपायला लागले की जसं काही त्यात सोनं पुरलंय.

त्यावर आम्ही कितीतरी काळ बोललो नाही. मला मात्र ते विसरता येईना. आवडलं होतं, हे स्वतःशी कबूल करायलाही लाज वाटायची. डोक्यात काहीतरी बिघाड आहे असं वाटायचं. अशा आवडीला नाव असतं, जगात पुष्कळ नवरा-बायको समजून-उमजून हे करतात, हे हल्ली मोबाइलमुळे कळलं. तेव्हा मला वाटायचं, पृथ्वीवर अशी मी एकटीच. शेवटी एका रविवारी दुपारी, सुकी कोलीम मासळी निवडता निवडता, मान वर न करता मी सगळं सांगून टाकलं.

यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि सरळ नाही म्हणाले. कारण मला ठाऊक होतं. यांचे वडील सासूबाईंना हाताला येईल त्याने मारायचे. मुसळ, फुंकणी, जळतं लाकूडसुद्धा. आळीभर ऐकू जायचं आणि कुणी यायचं नाही. आपण बायकोवर हात उचलायचा नाही, हे यांनी फार आधी ठरवलं होतं आणि त्या एका गोष्टीचा यांना मनातून अभिमान होता. आता बायकोच म्हणते, मारा.

मला त्यांचं दुःख कळत होतं, पण रागही आला. मी म्हटलं, “तुमच्या आईला कुनी इचारलं होतं का कधी? मी सोताहून मागते. यात काय फरकच नाय का?”

ते उठून कप विसळायला गेले. पुढे बरेच दिवस त्यांच्या मनात ते चाललं असणार, कारण मग ते एकेक प्रश्न विचारू लागले. जेवताना विचारायचे, दळण आणताना विचारायचे. किती जोरात? कुठे? चुकून जास्त लागलं तर? मला वैताग यायचा. म्हटलं, लग्नाला विचारलं नाही एवढं आता विचारताय. पण खोलवर कुठेतरी बरं वाटत होतं. माझ्या अंगाबद्दल इतक्या बारकाईने मला कुणी विचारलं नव्हतं, दवाखान्यातही नाही.

कामावर त्यांचं प्रथमोपचाराचं शिक्षण झालेलं होतं. कमरेच्या वर, पाठीच्या दोन्ही बाजूंना आत मूत्रपिंडं असतात, तिथे मार बसला तर माणूस आतून दुखावतो. कणा, माकडहाड, खुब्याचं हाड, कुठलाही सांधा, तिकडे फिरकायचं नाही. जिथे मांस भरपूर तेवढीच जागा, म्हणजे बसायची, आणि फार तर मांडीचा वरचा भाग. हे सगळं त्यांनी मला रूळ जोडणाऱ्या फिशप्लेटबद्दल सांगावं तशा आवाजात समजावलं. मी हसू दाबत ऐकत होते.

मग त्यांनी अंगणाचं चोपणं घेऊन स्वतःच्या मांडीवर मारून पाहिलं. ते ऐनाच्या लाकडाचं, दगडासारखं जड. मांडी काळीनिळी झाली आणि गडी लंगडत कामावर गेला. संध्याकाळी म्हणाले, हे जमिनीलाच ठीक. जुन्या दाराच्या सागाचा एक तुकडा होता, त्याची फळी करायला घेतली. पहिलीला बारीक चीर निघाली, ती चुलीत गेली, कारण चिरेत कातडी चिमटते. दुसरी जमली. तळव्याएवढी रुंद, वजनाला बेताची, कडा रंध्याने गोल केलेल्या. काचपेपरने घासून घासून शेवटी स्वतःच्या गालावर फिरवून बघितली, कुठे कुसळ लागतं का. वर खोबरेल चोळलं. मग चार दिवस गुंडाळलेल्या गोधडीवर नेम धरण्याचा सराव. फळी सपाटच पडली पाहिजे, कड लागता कामा नये. गोधडीपुढे उभा राहिलेला माझा नवरा आठवला की अजून मला पोट धरून हसू येतं.

ठरलं ते असं. दारू घेतलेली असेल त्या दिवशी नाही. भांडण झालं असेल, मनात राग असेल त्या दिवशी तर नाहीच, मग तो राग माझा असो वा त्यांचा. आधी हाताने, मग फळीने हलकं, आणि अंग गरम झाल्यावर पुढचं. मध्ये मध्ये विचारायचं. मी ‘हिरवा’ म्हटलं तर चालू द्यायचं, ‘पिवळा’ म्हणजे हळू, ‘लाल’ म्हणजे हातातलं खाली. हे त्यांच्या कामावरचं. त्यांच्या गँगमध्ये कालचा आलेला माणूससुद्धा लाल झेंडी दाखवू शकतो, गाडी थांबते, आणि उगाच थांबवली म्हणून कुणी त्याला बोलत नाही.

झाल्यावर ते मला पाणी द्यायचे, पांघरूण घालायचे, शेजारी बसून राहायचे. खरं सांगते, ते बसणं मला फळीइतकंच प्रिय होतं. कामावर उभं राहून राहून, माणसांची मनं सांभाळून सांभाळून अंगात जी गाठ बसायची, ती सुटायची. मी लहान मुलीसारखी झोपून जायचे आणि उठल्यावर मस्त भूक लागायची.

आवाजाची पंचाईत होती. भिंती कुडाच्या. म्हणून आम्ही मोसम धरला, दसऱ्याच्या सुमाराची दुपार, जेव्हा सगळा पाडा थपाथप करत असतो. शेजारच्या म्हातारीने एकदा मला अडवून विचारलं, “काय गो, तुमचं येवढं चोपनं चालतं, अन् अंगनात खड्डे तसेच?” मी म्हटलं, माती चांगली मिळत नाही. घरी येऊन सांगितलं तर हे दुसऱ्या दिवशी रजा टाकून खरोखरचं अंगण करून मोकळे झाले.

पुढच्याच वर्षी एक अपघात झाला. मी कूस बदलायला हलले आणि त्याच क्षणी फळी पडली. नेमकी माकडहाडावर, आणि कडेने. डोळ्यांसमोर काजवे चमकले. त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ‘हिरवा.’

का म्हटलं, ते नीट सांगायला हवं. आमच्याकडे सोसणाऱ्या बाईचं फार कौतुक. माझी आई माझ्या जन्माच्या वेळी हूं की चूं न करता मोकळी झाली, हे मी शंभरदा ऐकलं होतं. थोरल्या बहिणीचा हात उकळत्या तेलाने भाजला आणि तिने त्याच हाताने पुऱ्या तळून पाहुण्यांना वाढल्या, हे तर तिच्या लग्नाच्या बोलणीत गुण म्हणून सांगितलं गेलं. मी जगाशी भांडणारी, पण दुखतंय हे शब्द माझ्याही तोंडातून बाहेर पडत नव्हते. शिवाय यांना वाईट वाटेल ही भीती. लाल म्हटलं तर हे पुन्हा फळी हातात घेणार नाहीत, असंही वाटलं. म्हणून दात आवळले. ते बिचारे माझ्या शब्दावर विश्वास ठेवून पुढे करत राहिले.

नंतर मी लपवलं. कंपनीत बसताना खाली गोणपाट घ्यायचे. यांना सांगितलं, एसटीच्या धक्क्याने कंबर धरली आहे. पण एका दुपारी मला जेवायला पाटावर बसताच येईना, मी ओट्याला टेकून उभ्याने जेवायला लागले, आणि त्यांना संशय आला. बघतात तर काळं झालेलं.

दवाखान्यात नेलं. हाड शाबूत होतं, आराम सांगितला. घरी आल्यावर फळी कापडात गुंडाळून माळ्यावर टाकली आणि ओटीवर पाठ करून बसले. मी समजूत घालायला गेले, चूक तुमची नाही, मी हलले म्हणून झालं. तेव्हा ते वळले. त्यांचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता.

“लागलं ते होतं कधी. रुळावर पन लागतं,” ते म्हणाले. “पन तू हिरवा दाखवलास. मी तुला मारत होतो नि मला ठावं नव्हतं. आता माझ्यात नि बापात काय फरक रयला, सांग.”

मला वाटत होतं, सोसलं ते यांच्यासाठी. त्या दिवशी कळलं की माझ्या सोसण्याने त्यांचा एकुलता एक अभिमान मी त्यांच्याकडून काढून घेतला होता. विचारून करतो म्हणून हा माणूस बापापासून वेगळा होता, आणि विचारलेल्याचं उत्तरच मी खोटं दिलं होतं. मी रडले, खूप रडले. पण रडण्याने त्यांचं मन फिरणार नव्हतं.

बरेच महिने फळी वरच राहिली. घरात सगळं नीट चाललं होतं, पण अंधारात माझ्या पाठीवर हात ठेवतानासुद्धा त्यांचा हात अडखळायचा. मला धास्ती वाटायला लागली, आता हा माणूस मला साधा स्पर्शही घाबरतच करणार.

उपाय त्यांनीच काढला, आणि मला तो पोरखेळ वाटला. म्हणाले, आधी घरात लाल म्हणायला शीक. म्हणजे काय, तर नको असेल ते नको म्हणायचं, तिथल्या तिथे. त्यांनी ताटात भात वाढला आणि मला नको असला तरी मी खायचे. आता म्हणायचं, लाल. बाहेर जायचा कंटाळा आला, लाल. पाय चेपताना जास्त दाबलं, लाल. पहिले दिवस जीभच उचलेना. मी भांडायला तयार, पण साधं नको म्हणायला नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. हळूहळू जमलं. एकदा जमल्यावर मी असा सपाटा लावला की हे म्हणाले, गाडी कधी हलायची आहे की नाही. नणंदेने कुरडया घालायला परस्पर माझा रविवार ठरवला, तिला फोनवरच नाही म्हटलं. ती महिनाभर फुगून होती. मी मजेत होते.

पुन्हा दसरा आला, पाड्यात थपाथप सुरू झाली. फळी मीच खाली काढली. धूळ पुसली, बोट फिरवून कडा बघितल्या, तेल चोळलं आणि त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनीही कडांवरून एकदा बोट फिरवून बघितलं. मग उठून त्यांनी हात धुतले.

अगदी हलक्या हाताने सुरुवात केली. विचारत होते, मी खरं ते सांगत होते. लागत नव्हतं, छानच वाटत होतं. पण थोड्या वेळाने मला वाटलं, आज एवढंच पुरे. खास कारण काही नव्हतं. एरवी मी ते गिळलं असतं. मी म्हटलं, “लाल.”

फळी पडली नाही. मी मान वळवून पाहिलं तर त्यांचा हात वरच्या वर थांबलेला होता. त्यांनी तो सावकाश खाली आणला, फळी जमिनीवर ठेवली, माझ्या अंगावर चादर घातली. मग भिंतीला टेकून बसले. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं. मी घाबरून उठले, काय झालं म्हणून विचारलं.

“थांबलो ना मी?” ते म्हणाले.

मी म्हटलं, हो, थांबलात. लगेच थांबलात.

“माझा बाप कधी थांबला नाय गो,” ते म्हणाले, आणि हसायला लागले. मी पाणी आणायला उठले. आज पाण्याची पाळी माझी होती.