एलियाहूंची खुर्ची

आमच्या यजमानांचा, पुंडलिकरावांचा, संशयी स्वभाव मी जन्मभर सोसला. पण पासष्टच्या लढाईत तो शेजारच्या एझ्रा नागावकरांच्या वाट्याला आला, त्याचा राग अजून जात नाही.

नागावकर यांच्याच सरकारी तोफ-कारखान्यात फिटर. बेने इस्राएली, म्हणजे मराठी ज्यू, मूळचे अलिबागकडचे, मराठी आमच्यापेक्षा साफ. आमच्या निम्म्या घमापूर वस्तीच्या सायकली फुकट नीट करायचे. शनिवारी चूल पेटवत नसत, एवढंच काय ते वेगळं. लढाई पेटली, खिडक्यांना काळे कागद लागले आणि त्यांना मुलगा झाला. आठव्या दिवशी सुंता करणार, असं त्यांच्या बायकोने, रिवकाने, मला सांगितलं.

घरी हे ताडकन उठले. "सुंता? काहून? पाकिस्तानचा हेर नाव बदलून तर नाही राहून राहिला हा? साहेबाच्या कानावर घालतो."

नागावकरांची नोकरीच जायची! मी त्यांना म्हटलं, "लढाई संपेपर्यंत थांबा हो."

"वहिनी, देवाने अब्राहामाशी करार केला, त्याची ही अंगावरची खूण. दिवस त्यानेच ठरवलाय. मी भिऊन पुढे ढकलली, तर पोराला पहिल्याच आठवड्यात काय शिकवलं?"

आठव्या दिवशी माझ्यामागून हेही न बोलावता गेले. मुंबईहून आलेल्या म्हाताऱ्या मोहेलची, म्हणजे सुंता करणाऱ्याची, पेटी यांनी उघडायला लावली. मग यांना एक सजवलेली रिकामी खुर्ची दिसली.

"ही कोणाची?"

"एलियाहू नबींची," नागावकर म्हणाले, "आमच्या प्रेषितांची. प्रत्येक सुंतेला ते साक्षीला येतात. दिसत मात्र नाहीत."

न दिसणारा पाहुणा, तोही लढाईत! त्याला जागाच मिळू नये म्हणून हे सरळ त्या खुर्चीत बसले. मोहेल चिडले. मला लाजेने मेल्यासारखं झालं.

नागावकर मात्र बाळाला घेऊन पुढे आले. आधी बाळाला त्या खुर्चीवर ठेवायचं असतं. त्यांनी ते यांच्या मांडीवर ठेवलं. प्रार्थना होईपर्यंत हे हललेसुद्धा नाहीत. मग बाळाच्या आजोबांनी ते आपल्या मांडीवर घेतलं, सुंता झाली, रडण्याने घर भरलं.

निघताना यांनी विचारलं, "उद्या पुन्हा लढाई झाली, अन् ही खूण पाहून पोराला कोणी धरलं तर?"

"तर तुम्ही सांगा," नागावकर म्हणाले, "तुम्ही साक्षीच्या खुर्चीत होता."